पाळीची माती

बैल आजारी पडला तर बैल सांगतो. खाणं सोडतो, मान टाकतो, डोळ्याला पाणी आणतो. मोटर तसं काही करत नाही. ती फक्त आवाज बदलते, आणि तो आवाज ओळखणारा माणूस गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी वसलेल्या त्या गावात एकच होता, भोजराज. त्यामुळे मोटरचं काही बिघडलं तर भोजराजच्या जिवाला घोर, आणि नाही बिघडलं तरी कधी बिघडेल म्हणून घोरच.

गाडी लढाईच्या वेळची, मिलिटरीनं काढून टाकलेली. डिस्पोजलची गाडी म्हणत तिला. पुढे दोघांना बसायला जागा, मागे फळ्यांचा उघडा हौदा. स्वराज्य आलं तेव्हाच ती म्हातारी झालेली होती, आणि आता त्याला पाच-सहा वर्षं लोटली होती. गुळाच्या भेल्या अर्जुनीच्या स्टेशनावर न्यायला तिचा उपयोग व्हायचा. बाकी वेळ ती अंगणात उभी राहायची आणि येणारा-जाणारा तिच्या टपावर हात फिरवून पुढे जायचा.

घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. भोजराजच्या आज्यानं बांधलेल्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, गावाच्या वरच्या अंगाला होती, आणि इतक्या पावसाळ्यांत ती कधी फुटली नव्हती. तलावाच्या तळाशी एक काळी चिकण माती निघते. पाळीला कुठं पाझर लागला की ती माती आणायची, तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कुटून घालायचं, पायांनी तुडवायची आणि भोकात ठासायची. पाणी मुकाट मागं फिरतं. ही विद्या त्या घरात पोरं चालायला लागली की शिकत. पाझर दिसला आणि भोजराजचा हात मातीकडे गेला नाही, असं कधी घडलं नव्हतं.

त्या साली पौषात थंडी मरणाची पडली. उसाचा घाणा सुरू होता, खळ्यावर धान चुरायचं राहिलं होतं, आणि त्यातच धाकट्या भावाची, देवचंदची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती तिला आणायचं होतं. सुभद्रा तिचं नाव. माहेर सौंदडच्या अलीकडे. सव्वा महिना होऊन गेला होता. मुलगी झाली होती. भोजराजला आणि त्याच्या बायकोला, देवकाबाईला मूल नव्हतं, त्यामुळे त्या घरात रांगणारं हे पहिलंच लेकरू येणार होतं. देवकाबाईनं जुन्या लुगड्यांच्या चिंध्या शिवून बिछाना केला होता आणि पाळणा दोनदा धुऊन वाळवला होता.

सौंदडहून अर्जुनीला रेलगाडी होती. पण देवचंदनं ते काही ऐकलं नाही.

"घरची मोटर असताना माही बायको रेलच्या बाकड्यावर बसून येईल काय? लोक काय म्हनतील?"

"लोक थंडीनं घरात बसले आहेत, कोनी पाहत नाही," भोजराज म्हणाला. पण त्यालाही मनातून वाटत होतं की लेकरू आपल्याच गाडीतून यावं. ते खरं सांगायला हवं.

गाडीचा आवाज आठ-दहा दिवसांपासून बदलला होता. फुट-फुट, फुट-फुट. इंजिनाकडून धुराचा नळ येतो तो मागच्या हौद्याच्या फळ्यांखाली सायलेन्सरला जोडलेला असतो. त्या जोडाला तीन बोल्ट. ते ढिले पडले होते आणि मधलं पॅकिंग जळून गेलं होतं. गोंदियाच्या छोटेलाल मिस्त्रीनं मागच्या खेपेला त्याला ते काम शिकवलं होतं. गाडीखाली पालथं पडून, तोंडात विडी धरून मिस्त्री म्हणाला होता, "देखो भैया, तीनों को बारी-बारी से कसना. थोडा इसको, थोडा उसको. खाट की रस्सी कसते हो ना, वैसे. एक ही को पूरा कस दिया तो जोड टेढा बैठेगा. फिर गाडी गरम करना, ठंडी होने देना, फिर एक बार पाना लगाना. और पॅकिंग हर बार नया."

भोजराजच्या ध्यानात सगळं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तो गाडीखाली शिरला. नवं पॅकिंग नव्हतं, म्हणून पुठ्ठा कापून तेलात भिजवला. गंजलेल्या बोल्टांना रात्रीच रॉकेल सोडून ठेवलं होतं. पाठीखाली थंडगार जमीन, डोळ्यांत गंजाचा चुरा, बोटं थंडीनं बधिर. तरी तो निगुतीनं चालला होता. याला एक आटा, त्याला एक आटा, मग तिसऱ्याला. जोड हळूहळू सरळ बसत होता.

तेवढ्यात देवचंद घाण्यावरून आला. अंगाला रसाचा आंबूस वास, डोळे धुरानं लाल.

"किती वेळ गा दादा? तिकडे कढई उतरवाची आहे, मानूस नाही."

"होऊन राहिलं. जराशीक थांब."

"सर बाजूले. तू काय बाईसारखा गोंजारून राहिला?"

देवचंद बैलगाडीवर वाढलेला माणूस. बैलगाडीच्या चाकाला पाचर ठोकायची तर एकाच दमात, अंगात असेल तेवढ्या जोरानं. घट्ट तेवढं चांगलं. त्यानं पाना घेतला, त्याच्या दांड्यात लोखंडी नळी घातली आणि पहिल्याच बोल्टवर सगळं अंग टाकलं. भोजराज 'नोको' म्हणेपर्यंत कट् असा आवाज झाला. बोल्टचं डोकं तुटून देवचंदच्या छातीवर पडलं.

देवचंदनं ते उचलून पाहिलं. मग देवचंद म्हणाला, "दोन आहेत ना बाकी?"

दोन होते. पण तिसऱ्या बाजूला जोडानं तोंड वासलं होतं, बोटाचं पेर जाईल एवढं. गाडी चालू केली तर पहिल्यापेक्षा जास्त आवाज. नवा बोल्ट मिळणार गोंदियाला. उद्या सकाळी निघायचं होतं, व्याह्यांकडे निरोप गेला होता, आणि परवा भेल्या स्टेशनावर पोचवायच्या होत्या.

भोजराज उठला आणि तलावाकडे गेला.

काळी माती, कुटलेलं तणस, थोडा धानाचा कोंडा. पायांनी नीट तुडवून त्यानं गोळा केला आणि जोडाच्या फटीत ठासला, वरून गोणपाटाची पट्टी आवळून तारेनं बांधली. गाडी चालू केली. आवाज बंद. आज्याच्या पाळीसारखी गपगार. देवकाबाई दारात उभी होती, तिला तो म्हणाला, "जी माती तलावाचं पानी थांबवते, ती एवढ्याशा धुराले नाही थांबवणार काय?"

देवकाबाईला त्यातलं काय कळणार. ती बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवस वर आल्यावर भोजराज आणि त्याची आई यशोदाबाई निघाले. देवचंद घाण्यावर अडकला होता. कढई एकदा चढली की ती सोडून मालकाला हलता येत नाही. तर बायकोला आणायला नवरा नाही, भासरा निघाला.

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. धाकट्या भावाच्या बायकोनं त्याच्यापुढे तोंड उघडं टाकायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, आणि त्यानं तिच्या सावलीलाही शिवायचं नाही. अंगणात येताना भोजराज आधी खाकरायचा. चार वर्षं एका घरात राहून त्याला सुभद्राची ओळख होती ती तिच्या जोडव्यांची. उजव्या पायाचं एक जोडवं ढिलं होतं, चालताना ते दगडावर वाजायचं. तिचं तोंड कसं आहे ते त्यानं पाहिलेलं नव्हतं आणि पाहावं असं त्याच्या मनातही कधी आलं नव्हतं. वाढलेलं ताट ती उंबऱ्याआत सरकवायची, तेव्हा तो भिंतीकडे पाहायचा. यात त्यांना काही जड वाटत नसे. चालत आलं होतं तसं चालत होतं.

माहेरी जेवणं झाली. ओटी भरली. सुभद्राच्या वहिनीलाही दोन महिन्यांचं लेकरू होतं, ती दोन्ही लेकरं मांडीवर घेऊन बसली होती आणि निरोपाच्या वेळी रडली. यशोदाबाई हौद्याची तयारी पाहायला बाहेर आली.

भोजराजनं बांबूच्या कमच्या वाकवून हौद्यावर कमानी केल्या होत्या आणि वरून ताडपत्री. खाली तणस, तणसावर गोधड्या.

"चारी बाजूनं बांध," यशोदाबाई म्हणाली. "ओली बाळंतीण आहे. तिले वारा लागला त जलमाची खोट."

"बांधतो."

"शेगडी ठेवू काय आत? लेकरू गारठेल."

"नोको माय. खाली तनस आहे. आग लागन."

आगीचं त्याला सुचलं, ते बरोबरच होतं. ज्याचं भय माहीत असतं तेवढंच माणसाला सुचतं.

त्यानं ताडपत्री सगळीकडून वाखाच्या दोरीनं ओढून बांधली. पुढच्या बाजूला, त्याच्या पाठीमागे एक लहान खिडकी होती, काच नसलेली. तिच्यातून वारा आत गेला असता, आणि आपली नजरही कधी चुकून मागे गेली असती. त्यानं गोणपाट दुमडून त्या खिडकीला लावलं आणि चारी कोपऱ्यांना खिळे ठोकले. यशोदाबाई हौद्यातच पुढच्या बाजूला तांदळाच्या पोत्यावर बसली. सुभद्रा लेकराला घेऊन मधे, गोधडीवर. जोडव्याचा आवाज फळीवर झाला तेव्हा भोजराज तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत होता.

पहिले चार-पाच मैल गाडी चांगली चालली. मग आवाज आला. फुट-फुट.

एका नाल्याशी त्यानं गाडी थांबवली आणि खाली वाकून पाहिलं. माती वाळून तडकली होती. अर्धी कुठं रस्त्यात पडून गेली, गोणपाट जळून काळं. तापलेल्या लोखंडावर माती धरत नाही, हे त्याला त्या घटकेला कळलं. कळून काय करणार. नाल्यातली ओली माती ओंजळीनं आणली आणि थापली. चर्र झालं, वाफ उठली, तळहात भाजला. थंड होईपर्यंत थांबायचं, मग दोन्ही बोल्टांना पाना लावायचा, हे मिस्त्रीचं बोलणं त्याला आठवत होतं. पण थंड व्हायला वेळ लागणार, ऊन उतरायला लागलं होतं आणि पुढे नवेगावचं जंगल. ओल्या बाळंतिणीला घेऊन जंगलात कोण थांबतो.

"काय झालं रे?" आतून यशोदाबाईनं विचारलं.

"काही नाही. बोल्ट ढिला हाये. तुले बरं आहे ना?"

"डोकं चढलं माहं. तू चाल लवकर."

तो चालला. थोड्या वेळानं फुट-फुट पुन्हा सुरू झालं. त्याच्या बाजूच्या दाराला काच नव्हती. थंड वारा सरळ तोंडावर येत होता, नाकातून पाणी गळत होतं, आणि धुराचा वास आला तरी येऊन जात होता. जंगलात रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. गाडी हळू, आवाज मोठा. मागे कशावर तरी बांगड्या वाजत होत्या. लोखंडावर काच आपटावी तशा, थांबून थांबून. लेकराला खेळवत असेल, असं त्याला वाटलं. मग त्या थांबल्या.

जंगल सरता सरता त्यानं बाजूच्या आरशात पाहिलं. ताडपत्रीचा मागचा कोपरा सुटला होता आणि वाऱ्यावर फडफडत होता.

गाडी थांबवून तो मागे आला. कोपऱ्याची दोरी सुटलेली होती. सुटलेली कसली, आतून कोणी सोडलेली. फटीतून चार बोटं बाहेर आली होती. हिरव्या बांगड्या, मेंदी विटलेली. बोटांनी ताडपत्रीची कड धरली होती आणि ती बाहेर लोटत होती.

भोजराजनं तोंड फिरवलं. दुसरं काय करणार होता तो. खाकरला. पळसाच्या झाडाकडे पाहत उभा राहिला, बोटं आत जाण्याची वाट पाहत. मोठ्यानं म्हणाला, "माय, कोपरा सुटला वो. वारा शिरन. बांधून घेतो."

आईचं उत्तर आलं नाही. झोपली असेल.

त्यानं तिरप्या नजरेनं पाहिलं. बोटं हळूच आत गेली होती. त्यानं दोरी थुंकीनं ओली केली, ओल्या वाखाची गाठ वाळली की आणखी आवळते म्हणून, आणि दोन वेढे जास्त देऊन गाठ मारली. ओढून पाहिली. पक्की होती. मग तो पुढे जाऊन बसला.

अर्जुनी चार-पाच मैल राहिली असेल तेव्हा लेकरू रडायला लागलं. रडू दे, भूक लागली असेल. पण ते रडतच राहिलं. रडणं बारीक, दमल्यासारखं. भोजराज ऐकत होता. मागे आई होती, मागे आजी होती. आणि लेकराला कोणी गप्प करत नव्हतं.

ते त्याच्या ध्यानात आलं तसा त्यानं ब्रेक दाबला. गाडी आचका देऊन बंद पडली.

"माय," तो धावत मागे आला. "माय, लेकरू काऊन रडते?"

कोणी बोललं नाही. तो गाठीला भिडला. आपलीच गाठ आपल्याच नखांना सुटेना. दातांनी धरली, वाखाचे धागे दातात अडकले. शेवटी गाडीतला विळा आणून त्यानं दोरी कापली आणि ताडपत्री वर टाकली. आतून कोंडलेला गरम वास आला, जळक्या तेलाचा.

यशोदाबाई पोत्यावरून कलंडली होती. तोंडाला ओकारी लागलेली, पण घशात घरघर होती. सुभद्रा त्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, पदर तोंडावर, अंग ताडपत्रीला टेकलेलं. ताडपत्रीच्या काठाला दोरी ओवायची पितळी कडी असतात, त्यातलं एक कडं रिकामं होतं. रुपयाएवढं भोक. तिनं लेकराचं तोंड त्या भोकाशी धरलं होतं. हात तसेच राहिले होते.

भोजराजनं लेकरू उचललं. आईला ओढून रस्त्याच्या कडेला निजवलं, तिनं डोळे उघडले, पुन्हा ओकली. आणि मग तो उभा राहिला. लेकरू खांद्यावर, हौद्याकडे पाठ. "सुभद्रे" म्हणावं तर जिभेनं ते नाव कधी घेतलेलं नव्हतं. खालच्या अंगाला एका खळ्यावर बाया धान उफणत होत्या. तो त्यांच्याकडे ओरडत सुटला, "बाई वो, या वो कोनीतरी, बाईमानूस पाहिजे."

अनोळखी पुरुष ओरडत येतो म्हटल्यावर बाया आधी दचकल्या. मग लेकरू दिसलं तशा सुपं टाकून आल्या. त्यांच्यातली एक पोक्त बाई हौद्यात चढली. रुख्मा म्हणत होत्या तिला. तिनं सुभद्राचा हात धरला, सोडला, आणि खाली वाकून भोजराजला विचारलं, "तू काऊन नाही उतरवलं गा हिले, इतक्या वेळ?"

"मी भासरा होय."

रुख्मानं मान हलवली. तिला पटलं. तिथं कोणालाही पटलं असतं.

चौघींनी मिळून सुभद्राला गवतावर निजवलं. रुख्मानं छाती चोळली, तळवे चोळले, तोंडावर पाणी मारलं. त्या ओढाताणीत पदर बाजूला गेला आणि कोणी तो सावरला नाही. भोजराजनं चार वर्षांत पहिल्यांदा तिचं तोंड पाहिलं. लहान होती. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. गाल लाल, गुलाल लावल्यासारखे, इतके की तिला काही झालं असेल असं वाटू नये. रुख्मा बराच वेळ चोळत राहिली. मग तिनंच पदर ओढून तोंड झाकलं.

घरी काय झालं ते काय सांगावं. देवचंद भिंतीला डोकं आपटत होता, दोघांनी धरून ठेवला. गावातली शहाणी माणसं ओसरीवर बसली. यशोदाबाईला दुसऱ्या दिवशी बोलता आलं, आणि ती म्हणाली, "मले झोप लागली. मधेच डोळा उघडला त कोपरा सुटला होता. तेवढ्यात वारा शिरला. वाऱ्यानं नेली माही सून."

सगळ्यांनी माना हलवल्या. वारा लागला. ओली बाळंतीण, जंगलातला वारा.

"वारा नाही," भोजराज म्हणाला. "धूर. बोल्टाचा जोड उघडा होता. धूर फळ्यांतून आत गेला. मी माती लावली, ते पडली."

"धुरानं मरते काय मानूस?" यशोदाबाई म्हणाली. रागानं नव्हे, समजावल्यासारखी. "चुलीपुढे जलम गेला आमचा. धुरानं डोळे जातात, जीव नाही जात."

"हा धूर येगळा राह्यते, माय. तिनं कोपरा सोडला होता. हवेसाठी सोडला होता. मी बांधला."

देवचंद भिंतीशी बसला होता. तो उठून आला आणि त्यानं थोरल्या भावाच्या पाठीवर हात ठेवला. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. "बांधला ना तू, दादा? मंग तुहा काय दोस. तू त पाहिलं न् बांधला. तिचंच चुकलं, कायले सोडला तिनं."

भोजराज उठून अंगणात गेला. कोणी शिव्या दिल्या असत्या, चपलेनं मारलं असतं, तर त्याला सोसलं असतं. हे सोसत नव्हतं. तो आणखी दोघा-चौघांना सांगून आला. लोक ऐकून घेत आणि देवकाबाईला बाजूला घेऊन म्हणत, जरा सांभाळा त्याले, मनाले लावून घेतलं त्यानं.

लेकरू शेळीच्या दुधावर टिकेना. पाजलं की उलटून पडायचं. देवकाबाई त्याला छातीशी धरून घरभर फिरायची, आणि कोरड्या छातीशी ते तोंड लावायचं आणि रडायचं. तेरवी झाली तेव्हा लेकराच्या बरगड्या मोजता येत होत्या. मामीला, सुभद्राच्या वहिनीला, अंगावर दूध होतं. तिच्याकडे नेऊन सोडावं, असं ठरलं. नेणार कशानं? मोटरनं.

भोजराज रेलगाडीनं गोंदियाला गेला आणि तीन नवे बोल्ट आणि पॅकिंग घेऊन आला. छोटेलालनं विचारलं, गाडी ठीक चलती है ना, तर तो हो म्हणाला. मग अंगणात तो गाडीखाली शिरला. तुटलेला तुकडा छिन्नीनं काढला. जोड खरवडून साफ केला, खाचेत आज्याच्या तलावाची माती भाजून विटेसारखी झाली होती, ती खिळ्यानं कण न् कण उकरली. पॅकिंग बसवलं. बोल्ट लावले. थोडा याला, थोडा त्याला, थोडा तिसऱ्याला. फिरून पहिल्याला. गाडी चालू करून तापवली, बंद केली, आणि थंड होईपर्यंत तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिला. दुपार त्यातच गेली. कोणी घाई करायला आलं नाही. मग पुन्हा पाना लावला. प्रत्येकाला एवढंसं सरकायचं बाकी होतं, तेवढं सरकलं. आवाज नाही, वास नाही. हात लावून, नाक लावून, कान लावून त्यानं पाहिलं. काम जसं व्हायला हवं तसं झालं होतं, आणि त्याला हुंदका आला.

निघायच्या सकाळी यशोदाबाई ताडपत्री आणि दोरी घेऊन बाहेर आली.

"माय, उघडं राहू दे. नाही त पुढे बस, माह्याजवळ."

"खुळा झाला काय? आई गेली वाऱ्यानं, आता लेकरू द्याचं काय?" तिनं दोरी त्याच्या हातात दिली. "तू बांध. तुही गाठ पक्की राह्यते."

त्यानं देवचंदकडे पाहिलं. देवचंद म्हणाला, "बांध दादा."

भोजराजनं तीन कोपरे बांधले आणि चौथ्याची दोरी नुसती अडकवली. यशोदाबाईनं ती आतून ओढून पाहिली, सोडली आणि स्वतः दोन गाठी मारल्या. खिडकीचं गोणपाट मात्र त्यानं आधीच उपटून फेकलं होतं. तिनं तिथं आपलं जुनं लुगडं टांगलं.

गाडी निघाली. देवकाबाई दाराशी उभी होती, पाळण्याचा बिछाना तिच्या हातात राहून गेला होता. नळाचा आवाज शुद्ध, एकसारखा. अर्जुनीचा फाटा ओलांडल्यावर भोजराजनं मान मागे करून हाक मारली.

"माय, जागी आहेस ना?"

"हाये."

"लेकरू?"

"निजलं. ओरडू नोको."

खळं आलं, तिथं आता कोणी नव्हतं. पळसाचं झाड आलं. तो दर वळणाला हाक मारत होता, आणि उत्तर येईपर्यंत त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जाऊन थांबत होता. जिला हाक मारायला हवी होती तिला त्यानं मारली नव्हती, आणि आता घसा फुटेपर्यंत मारली तरी ती आईलाच ऐकू जाणार होती.

"माय?"

लुगड्याआडून यशोदाबाईचा आवाज आला, दमलेला, मायेचा. "हाये रे बाबा. भेऊ नोको. गाठ पक्की हाये."